सत्तर क्यूब वितळले! लेकराला भाजी घोटून द्यायची कशी?

गोदाकाठ (परभणी जिल्हा) | रात्री ११:१०

राम राम मंडळी. रोज वाचते, पण लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक परवा सहा महिन्यांची झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रजा १८० दिवसांची, म्हणजे तिचं वरचं खाणं सुरू व्हायला आणि माझी शाळा सुरू व्हायला गाठ पडली. शाळा गावापासून अठरा किलोमीटर. सकाळी निघायचं ते संध्याकाळी यायचं. लेकरू सासूबाईंजवळ.

म्हणून मी काय केलं, व्हिडिओ बघून एक अख्खा रविवार घातला. काशीफळ, गाजर, दुधी, रताळं, वाटाणा, सगळं वेगवेगळं वाफवलं, मिक्सरमधून काढलं, बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवलं. सत्तर क्यूब झाले. पिशव्यांवर नाव, तारीख, सगळं. सासूबाईंनी फक्त दोन क्यूब काढायचे आणि गरम करायचे, एवढं सोपं.

सोमवारी रात्री डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. रब्बीचे दिवस, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, दरवर्षीचं आहे. तीन दिवस लाइट नाही. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर लाइट आलेली. फ्रीजर उघडला, तर प्रत्येक पिशवीत एक चपटी वीट. क्यूबचा कोपराही शिल्लक नाही. म्हणजे वितळून पुन्हा गोठलेलं. द्यायची हिंमत झाली नाही. सगळं म्हशीच्या आंबोणात गेलं. सासूबाई म्हणाल्या, "आज म्हशीचं उष्टावण झालं."

हसू आलं तसं रडूही आलं. आता विचारायचंय ते हे:
फ्रीजरवर भरवसा नसेल तर रोजचं कसं जमवायचं? सासूबाईंचा मिक्सरवर राग आहे, लाइट नसली की तोही बंद. आणि घरात सासऱ्यांचे दात काढलेत, कवळी अजून बसायचीय, त्यांनाही मऊच लागतं. नवरा दुधी बघितला की उठून जातो. तीन जणांसाठी तीन भाज्या मी करू शकत नाही.

---

कुकरची_शिट्टी (छत्रपती संभाजीनगर) | रात्री ११:३२

टाकून दिलंत ते बरोबर केलंत, जिवाला लावून घेऊ नका. एकदा पूर्ण वितळलेलं आणि घरातल्या हवेइतकं झालेलं पुन्हा गोठवून लेकराला देत नाहीत.

पण क्यूबला नावं ठेवू नका हो! माझी कंपनीतली नोकरी, दोन पाळ्या, दोन्ही लेकरं क्यूबवर वाढली. नियम पाळले की झालं. शिजवल्यावर दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजरमध्ये, उन्हाळ्यात तर तासाच्या आत. फ्रीजमध्ये (खालच्या कप्प्यात) एक दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर. काढलेला क्यूब परत ठेवायचा नाही. ओट्यावर ठेवून वितळवायचा नाही, वाटीत घालून उकळत्या पाण्यावर ठेवायचा आणि चांगली वाफ येऊ द्यायची.

आणि एक अनुभव फुकट घ्या. पहिल्या लेकीला पहिल्यांदा गाजर दिलं तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारचे धावत आले. ओठ लाल, डोळ्यांतून धारा. मला वाटलं अॅलर्जी. नंतर कळलं, मी गाजर चटणीच्या जारमध्ये फिरवलं होतं. आदल्या दिवशी त्यात ठेचा झालेला. जार घासलेला होता, पण झाकणाच्या रबराखाली मिरची बसलेली. तेव्हापासून बाळाचा जार वेगळा. घरात एकच छोटा जार असेल तर रबर काढून धुवा.

---

लातूरची_भज्जी | सकाळी ६:०५

काय क्यूब क्यूब लावलाव ग बायांनो सकाळच्या पारी.

लेकी, तू मराठवाड्याची ना? मग येळवस विसरलीस का? आमच्या लातूर-धाराशिवकडं दर्शवेळ अमावस्येला शेतात कोपी करून जेवतो, त्यात भज्जी असती. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, भुईमूग, गाजर, मेथी, कांद्याची पात, रानात जे सापडंल ते. समदं एका पातेल्यात शिजवायचं, बेसन लावायचं, घोटायचं. ती भज्जी आमच्या अख्ख्या खानदानाची प्युरीच की! दात आलेलं खातंय, दात गेलेलं खातंय. संगं बाजरीचे उंडे आन आंबील.

आमची सासू मीठ-मिरची टाकायच्या आधी पळीभर बाजूला काढायची. ज्याच्या घरात तान्हं त्याच्यासाठी. त्याला तिनं कधी नाव दिलं नाही. घरातली भाजी शिजली की आधी लेकराचं काढ, मग फोडणी दे. संपलं. फ्रीजर कशाला लागतोय?

(शेंगदाणा लेकराच्या वाट्याला आख्खा जाऊ देऊ नको मात्र. तो घशात जातोय.)

---

गोदाकाठ | सकाळी ६:४०

काकू, आमच्या परभणीत येळवस फार नाही होत, पण मावशी उदगीरला असते, तिच्याकडे खाल्लीय. हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

बाबा_झालो (धाराशिव) | सकाळी ९:१५

गाजराचा विषय निघालाय म्हणून. आमचा साडेसात महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. गाजर आणि काशीफळ त्याला भयंकर आवडलं. आवडलं म्हणून रोज, दोन्ही वेळा. महिनाभरानं आजीनं पाहिलं, नाकाचा शेंडा पिवळा, तळहात पिवळे, पाय पिवळे. "कावीळ!" म्हणून घरात रडारड. रात्री नऊ वाजता दवाखान्यात पळालो.

डॉक्टरांनी आधी डोळ्यांची पांढरी बाजू बघितली. स्वच्छ पांढरी. मग विचारलं, "काय खातो?" गाजर म्हटल्यावर हसले. काविळीत डोळे पिवळे होतात, गाजरानं होत नाहीत. रंग कातडीत साठतो, त्रास काही नाही, प्रमाण कमी केलं की आपोआप जातो. रंग जायला तरी दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा एकेक औषध सांगून गेला, कुणी गळ्यात माळ घाला म्हणालं. बीटचं तर विचारूच नका, लंगोट लाल बघून बायको बेशुद्ध पडायची बाकी होती.

---

उंटावरचा_शहाणा | सकाळी १०:०२

आमच्या आईनं भाकरी चावून चावून आम्हाला भरवली, सात जणं धडधाकट आहोत. आता सहा महिन्यांच्या लेकराला 'प्युरी'. पैसे जास्त झाले की असलं सुचतं.

---

वॉर्ड_नंबर_४ (नांदेड) | दुपारी २:२०

उंटावरच्या दादा, चावून भरवलेल्या घासातून मोठ्यांच्या दातांतली कीड आणि बाकीचे जंतू लेकराच्या तोंडात जातात. तुम्ही सात जण धडधाकट, आनंद आहे. जे राहिले नाहीत ते इथं लिहायला येत नाहीत.

मी डॉक्टर नाही. बालरोग विभागात सिस्टर आहे, २२ वर्षं झाली. जे रोज बघते ते लिहिते, जरा मोठं होईल.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर दूध चालूच, पण आता ते एकटं पुरत नाही. सगळ्यात आधी कमी पडतं ते लोह. आईच्या पोटातून आणलेला साठा या सुमाराला संपत आलेला असतो. म्हणून नुसतं काशीफळ आणि गाजर वाटून भागत नाही. रंग छान दिसतो, व्हिडिओ छान होतो, पण त्यात लोह किती? भाजीबरोबर डाळ पाहिजे. खाणाऱ्यांच्या घरी पूर्ण शिजलेलं अंडं, मटण-कलेजी अगदी बारीक करून. शाकाहारी असाल तर डाळ, पालेभाजी आणि वरून लिंबाचे दोन थेंब किंवा टोमॅटो. आंबटातल्या 'क' जीवनसत्त्वानं पाल्यातलं आणि डाळीतलं लोह अंगी लागतं. आणि कपातला चहा लेकराला चाटवणारी माणसं या धाग्यावरही असतील, त्यांनी तो बंद करावा. चहानं लोह अंगी लागत नाही.

दुसरं, पातळ करू नका. मिक्सर फिरत नाही म्हणून पाणी घालतात, मग भाजीचं पाणी होतं. लेकराचं पोट केवढं? ते पाण्यानंच भरतं. चमचा तिरपा केला तर सांडू नये, हळूच घसरावं, एवढं दाट हवं. वर अर्धा चमचा तूप किंवा घरातलं तेल. काशीफळ-गाजरातल्या 'अ' जीवनसत्त्वालाही तेल-तूप लागतंच. वर्षाच्या आत मीठ नाही, साखर-गूळ नाही. मध तर अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही. मधात क्वचित असे जंतू असतात की तान्ह्याच्या आतड्यात वाढून ते लुळं पडतं. बाळगुटी मधात उगाळणाऱ्या आजींना हे पटत नाही, माहिती आहे.

तिसरं, गुळगुळीतच देत राहू नका. सहा महिने पूर्ण झाले की एकदम मऊ, सात-आठ महिन्यांचं झालं की काट्यानं चेचलेलं, नऊ-दहा महिन्यांचं झालं की बारीक तुकडे. वर्षाचं झालं तरी मिक्सरमधलंच मागणारी लेकरं माझ्याकडे येतात, भाताचं शीत लागलं की उलटी काढतात. जिभेला गाठी कळायलाच मिळालेल्या नसतात. मग आईबाप म्हणतात, "लेकरू खातच नाही."

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. सात-आठ महिन्यांचं झालं की पाव लिटरच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ पूर्ण झाले की तीन-चार वेळा.

आणि ओकारीसारखं केलं, तोंड वाकडं केलं, खोकलं म्हणजे घाबरू नका. आवाज येतोय तोवर ठीक. आवाजच बंद झाला, रंग बदलला, तर ते अडकणं. तेव्हा पालथं घालून पाठीवर थापा कशा द्यायच्या हे घरातल्या प्रत्येकानं आपल्या आरोग्य केंद्रात शिकून घ्या. वाचून येत नाही ते.

---

गोदाकाठ | दुपारी ४:५०

सिस्टर, खूप उपकार. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. एक प्रश्न: आमचं पाणी बोअरचं. सासूबाई उकळून देतात. चालेल ना?

---

वॉर्ड_नंबर_४ | संध्याकाळी ७:३०

जंतूंसाठी उकळणं ठीक. पण शेतातल्या बोअरला, खत फार पडतं तिथं, नायट्रेट असतं, ते उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी एकदा तपासून घ्या, तोवर लेकराला दुसरं पाणी.

त्याच कारणानं पालक, बीट, गाजर वाटून दोन-दोन दिवस ठेवू नका. या भाज्यांत नायट्रेट जात्याच असतं. शिजवून बाहेर पडून राहिलं की जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते तान्ह्याच्या रक्ताला बाधतं. ताजं करून लगेच दिलं तर सहा महिन्यांपुढच्या लेकराला काही होत नाही. पालेभाजी साठवायचीच नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

अंगणवाडी_बीड | रात्री ९:००

सिस्टरांनी पातळाचं लिहिलं त्यावर माझं एक.

वस्तीवर एका घरी वजनाला गेले. नऊ महिन्यांचं लेकरू, दोन महिने वजन तिथल्या तिथं. आई सांगते, "ताई, वाटी-वाटी खातंय हो." म्हटलं, मला दाखवा. तिनं वाटी आणली. वरून नितळ पिवळं पाणी, तळाशी बोटभर डाळ. चमच्यानं वरचं वरचं भरवत होती. खालची डाळ मोठ्या पोराच्या भाकरीवर. वरणाचं पाणी ताकदीचं असतं असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं, तिच्या आईला तिच्या आईनं. मी तीच वाटी घेतली, वरचं पाणी भाकरी खाणाऱ्या पोराच्या ताटात ओतलं, तळची डाळ बोटानं चेचली, परातीत दुधी शिजून पडला होता त्याची एक फोड त्यात कुस्करली, तूप सोडलं. लेकरानं आ केला तो बंद होईना.

लेकराची वाटी वेगळी ठेवा. पत्र्याची असो, स्टीलची असो, पण त्याची एकट्याची. कुणाच्या ताटात बसून खाल्लं तर किती पोटात गेलं कळत नाही.

आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांचा शिधा अंगणवाडीतून घरी न्यायला मिळतो. तो न्या, सासूनं खाऊ नका. (खातात. माझ्यासमोर खातात.) लोहाचं सिरप आशाताई देतात, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली. काळी शी होते म्हणून बंद करू नका.

---

माळवं_घ्या_माळवं (जालना) | रात्री ९:४५

माळव्याचा माणूस आहे, बाजारात बसतो. लेकराचं मला कळत नाही, भाजीचं सांगतो.

दुधी घेतला की शिजवायच्या आधी कच्चा तुकडा जिभेवर टेकवा. कडू लागला तर सगळा फेका. कडू दुधीनं माणसं दगावलेली आहेत, उकळून विष जात नाही. मोठ्यांनी चाखायचा, लेकराला नाही. काकडी-दोडक्यालाही तेच.

काशीफळ अख्खं घ्या, कापलेली फोड नको. अख्खं फळ घरात उंचावर, सुक्या जागी महिना-दोन महिने राहतं. देठ असू द्या, देठ तुटलं की तिथून सडतं. फ्रीजर फ्रीजर काय करता? देवानं दिलेला बिनलाइटीचा डबा आहे तो. रताळी, कांदा, बटाटा हेही तसंच. लाइट जाते त्या गावात साठवायचं ते असं साठवावं.

वाटाणा शेंगेसकट घ्या. सोललेला बघून घेऊ नका, त्याला रंग लावलेला निघतो.

आणि टोमॅटो. जेव्हा भाव पडतो, आम्ही रस्त्यावर ओतून येतो, तेव्हा तुम्ही दहा किलो घेऊन जा. एवढंच मागणं आहे.

---

पुण्यातली_नांदेडकर | रात्री १०:२०

माळवंदादांच्या शेवटच्या ओळीनं गलबललं. माझे वडीलही टोमॅटो लावायचे.

टोमॅटोचं घरच्यांसाठी असं करते: देठाच्या बाजूला फुलीसारखी चीर देऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, साल आपोआप सुटते. मिक्सर, गाळणी, मग कढईत निम्मं होईपर्यंत आटवायचं. थंड करून फ्रीजरमध्ये. बाटलीत भरून कपाटात ठेवणारे बघितलेत, ते करू नका. घरी अंदाजानं भरलेली बाटली फुगली तर आत काय वाढलंय कोण जाणे. ही पेस्ट आमटीत, शेवभाजीत, पावभाजीत, सगळीकडे.

नवऱ्याच्या दुधीचं: दुधी वाफवून घोटून वरणात. त्याला सांगू नका. माझा नवरा अकरा वर्षं खातोय, अजून म्हणतो, "मला दुधी आवडत नाही."

काशीफळ घोटून कणकेत मळलं की पोळ्या मऊ आणि पिवळ्या होतात. ज्वारी-बेसनाच्या धपाट्यात घातलं तर पाणी लागतच नाही. घारगे तर आहेतच.

---

उंटावरचा_शहाणा | रात्री १०:४१

घारगे म्हणालात, आता माघार घेतो.

---

कुकरची_शिट्टी | रात्री ११:०५

बटाट्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून: मिक्सरमध्ये बटाटा फिरवू नका, खळीसारखा चिकट होतो, लेकराच्या टाळूला चिकटतो. त्यातला स्टार्च मोकळा होतो म्हणून. हातानंच चेचा.

आणि भाजी पाण्यात उकळू नका, वाफवा. कुकरच्या डब्यात, भाताच्या वर. भाताला चार शिट्ट्या होतात त्यात काशीफळ गळून जातं, म्हणून मोठ्या फोडी सालासकट ठेवते. नंतर चमच्यानं गर खरवडायचा. दुधी-गाजराच्या डब्यात सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच घोटायचं.

---

गोदाकाठ | तीन दिवसांनी, रात्री १०:१५

सगळ्यांचं वहीत उतरवून घेतलं आणि वही सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी फक्त लातूरच्या काकूंचं ऐकून मान हलवली. मग माळ्यावर चढायला लावलं आणि एक गाठोडं उतरवलं. आत पुरणयंत्र! त्यांच्या लग्नातलं, पितळी, दांडा जरा वाकडा, तीन जाळ्या. होळीशिवाय खाली येत नाही ते.

आज सकाळी साडेसहाला चूल. (लाइट होती, पण त्यांना दाखवायचं होतं ना.) एका पातेल्यात तुरीची डाळ आणि थोडी मुगाची, दुधीच्या फोडी, काशीफळाच्या चार फोडी, दोन टोमॅटो, हळद. मीठ नाही, तिखट नाही. गदगदून शिजल्यावर दोन पळ्या पुरणयंत्रात, बारीक जाळी. दोनदा फिरवलं, खाली सोनेरी गोळा. तुरीची टरफलं, टोमॅटोच्या बिया, साली वर राहिल्या. तूप, लिंबाचे दोन थेंब. तिच्या वाटीत.

मधली जाळी लावून पुढच्या दोन पळ्या, त्यात मीठ, जिरं आणि चिमूट येसर मसाला: सासरे. उरलेल्याला लसणाची फोडणी, हिरवी मिरची, कोथिंबीर: आम्ही.

एक पातेलं. नवऱ्यानं दोन वाट्या खाल्ल्या. विचारलं, "वरण दाट कसं झालं आज?" सासूबाई म्हणाल्या, "डाळ चांगली होती." मी डब्याकडे बघत राहिले.

लेकीनं तीन चमचे खाल्ले, चौथा माझ्या साडीवर. शाळेत तशीच गेले.

---

लातूरची_भज्जी | सकाळी ५:५०

तुझी सासू आमच्याकडची दिसती. माहेर कुठलं इचार.

---

अंगणवाडी_बीड | सकाळी ८:१०

दुपारचं काय करता? सकाळचं ठेवलेलं देता का?

---

गोदाकाठ | दुपारी १:२०

मधल्या सुट्टीत लिहितेय. हो, तोच प्रश्न राहिलाय. सकाळी साडेसहाचं दुपारी एकला द्यायचं, फ्रीजमध्ये ठेवून. लाइट गेली तर? आणि तिनं वाटीत अर्धं टाकलं तर ते संध्याकाळी देता येतं का? काल उरलेलं ठेवलं तर तासाभरात पाणी पाणी झालं होतं. नासलं असं वाटलं.

---

वॉर्ड_नंबर_४ | दुपारी ३:०५

नासलं नाही, पण द्यायचंही नाही. तिच्या तोंडातला चमचा परत वाटीत गेला, लाळ गेली. लाळेनं पीठ-रताळं पातळ होतं, त्याच लाळेबरोबर जंतूही गेले. म्हणून वाटीत थोडंच काढायचं, लागलं तर दुसऱ्या स्वच्छ चमच्यानं वाढायचं. वाटीतलं उरलं तर ते सासूबाईंच्या ताटात किंवा तुमच्या म्हशीला.

दुपारसाठी वाटलेलं ठेवण्यापेक्षा न शिजवलेलं ठेवा. डाळ धुऊन, भाजी चिरून, छोट्या डब्यात. सासूबाई बाराला तेवढा डबा गॅसवर कुकरमध्ये लावतील, पंधरा मिनिटं. नाहीतर दुपारी पिकलेलं केळं, चिकू, पपई कुस्करून. त्याला ना चूल ना लाइट.

---

कुकरची_शिट्टी | दुपारी ३:४०

म्हणजे मी एकटीच फ्रीजरवाली राहिले. हरकत नाही. ज्यांच्या घरी दुपारी सासूबाई नाहीत, पाळणाघर आहे, त्यांनी माझं वाचावं. पाळणाघरातल्या बाई पुरणयंत्र फिरवत नाहीत.

---

पुण्यातली_नांदेडकर | दुपारी ४:१०

शिट्टीताई, मीपण आहे तुमच्याबरोबर. आठवड्याचे वीस क्यूब, सत्तर नाही. गेले तरी वीसच जातात.

---

गोदाकाठ | तीन आठवड्यांनी, रात्री ९:३०

हजेरी द्यायला आले.

पाणी तपासायला दिलं. नायट्रेट मर्यादेच्या वर आलं. आता लेकीसाठी शाळेजवळच्या आरओ प्लँटवरून कॅन येतो, माझ्या गाडीवर पुढं बांधून. आमच्या वस्तीवर अजून तीन तान्ही आहेत, त्यांच्या घरी आशाताईंना घेऊन जाऊन सांगितलं. एका घरी ऐकलं, दुसरीकडे "आम्ही हेच पाणी पिऊन मोठे झालो."

सासऱ्यांची कवळी बसली. पण ते म्हणतात, मला मधल्या जाळीचंच द्या. करडईच्या पाल्याचं गरगटं त्यांना आता पुरणयंत्रातलंच लागतं.

लेकीचं: काशीफळ आवडतं, दुधी चालतो, पालक थुंकते. वाटाणा पहिल्यांदा दिला तेव्हा तोंड असं केलं की सासूबाई म्हणाल्या, "अगदी हिच्या आजोबांसारखं." सिस्टर, तुम्ही म्हणालात तशी येत्या महिन्यात जाळी बदलणार, बारीकवरून मधल्यावर. मग ती आणि आजोबा एकाच जाळीवर येतील.

फ्रीजरमध्ये आता फक्त टोमॅटो. माळवंदादा, परवा बाजारात कॅरेट पन्नास रुपयांना होतं, दोन घेतले.

आणि काकू, सासूबाईंचं माहेर विचारलं. अहमदपूर तालुका.

---

लातूरची_भज्जी | सकाळी ५:४५

म्हनलं नव्हतं का.

---

बाबा_झालो | सकाळी १०:३०

पुरणयंत्राची बारीक जाळी कुठं मिळते? आमच्याकडच्या यंत्राची एकच उरलीय, जाड.

---

माळवं_घ्या_माळवं | सकाळी ११:००

जालन्यात भांड्यांच्या गल्लीत या, सुटी मिळते. यंत्राची वाटी मोजून आणा, पाव इंचाचा फरक असला तरी बसत नाही.